छपराच्या टोळीला पावसाळ्यात काम कोठून आणावे?

पत्राचा सारांश : करवीर तालुक्यातील एका पालकांचा मुलगा कळंबा येथील शासकीय आयटीआयमधून वेल्डरचा अभ्यासक्रम पूर्ण करून सध्या आठ जणांची टोळी चालवतो आणि गोकुळ शिरगाव व शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींत पत्र्याच्या छपरांची कामे घेतो. जूनमध्ये काम थांबते, माणसे पांगतात आणि दसऱ्याला टोळी नव्याने जमवावी लागते. कॅनडातील भाचा सांगतो की, तेथेही छपरांची कामे हिवाळ्यात थंडावतात. तेथील टोळ्या त्या काळात काय करतात, आपल्याकडे तसे काही जमेल का, की मुलाने सरळ कंपनीत नोकरी धरावी, असे या पालकांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

आपल्या भाच्याने सांगितलेली गोष्ट खरी आहे. कॅनडा आणि उत्तर अमेरिकेत बहुतेक घरांच्या उतरत्या छपरांवर डांबरी शिंगल्स, म्हणजे एकावर एक चढवलेले डांबरी लेपाचे चपटे तुकडे, ठोकतात. त्यांच्यावरील चिकट पट्टा उन्हाच्या उबेने मऊ होऊन वरच्या शिंगलला धरून ठेवतो. तापमान चार-पाच अंश सेल्सिअसच्या खाली गेले की ही पकड नीट बसत नाही आणि शिंगल्स कडक होऊन वाकवताना तडकतात. त्यातच दिवस लहान आणि छपरावर बर्फ, त्यामुळे नवी कामे बहुतांशी वसंतापर्यंत पुढे ढकलली जातात.

तेथील जाणते ठेकेदार मात्र या काळात भलतेच काम शोधत फिरत नाहीत. ज्या छपरांवर त्यांनी उन्हाळ्यात काम केले, त्याच छपरांची हिवाळ्यातील दुखणी ते सांभाळतात. दुकाने आणि गोदामांच्या सपाट छपरांवरचा बर्फ उपसण्याचे करार ते बर्फ पडण्यापूर्वीच, शरद ऋतूत करून ठेवतात. घरातील उष्णता माळ्यातून वर झिरपली की छपरावरचा बर्फ खालून वितळतो, ते पाणी थंड वळचणीशी येऊन पुन्हा गोठते आणि त्या बांधामागे साचलेले पाणी शिंगल्सखालून घरात उतरते. असा बांध वाफेने वितळवणे हे एक काम झाले आणि मूळ कारण दूर करण्यासाठी माळ्यावर उष्णतारोधक थर बसवणे हे दुसरे. ते आत बसून करता येते. कार्यशाळेत पत्रा वाकवून कडेच्या पट्ट्या तयार करणे आणि वसंतातील कामांची अंदाजपत्रके देणे हेही याच काळात उरकले जाते. जर्मनीत तर डिसेंबर ते मार्च या महिन्यांत हवामानामुळे काम थांबल्यास बुडालेल्या निव्वळ वेतनाच्या ६० टक्के, आणि मुले असलेल्या कामगारास ६७ टक्के, भत्ता देण्याची व्यवस्था आहे, म्हणजे मालकाला माणसे काढून टाकावी लागत नाहीत.

असा भत्ता आपल्याकडे नाही, पण कराराची पद्धत येथे नक्की चालेल, आणि माझ्या मते आपल्या मुलाची अडचण कामाच्या अभावाची नसून काम मागण्याच्या वेळेची आहे. जूनच्या पहिल्या सरीनंतर गळतीसाठी फोन येतात तेव्हा तो मिळेल त्या पैशांत एकेक भोक बुजवून येतो. त्याऐवजी फेब्रुवारी-मार्चमध्येच आपल्या जुन्या गिऱ्हाइकांकडे जाऊन त्याने वार्षिक देखभालीचा लेखी करार मांडावा : मे महिन्यात पन्हळी साफ करणे, सैल झालेले स्क्रू व झिजलेले वॉशर बदलणे, मोभावरचे पत्रे तपासणे, आणि पावसाळ्यात गळतीची तक्रार येताच ठरलेल्या मुदतीत माणूस पाठवणे. यासाठी रक्कम ठरावीक असावी व तिचा काही भाग आगाऊ मिळावा.

फाउंड्रीवाले, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणारे कारखानदार, असा करार नाकारतील असे वाटत नाही. वितळलेल्या धातूशी पाण्याचा संबंध आला तर त्याची क्षणात वाफ होऊन स्फोट होतो, त्यामुळे भट्टीच्या वरची गळती हा तेथे जिवाचा प्रश्न असतो. इचलकरंजीच्या यंत्रमागधारकांना तीच गळती कापडावरच्या डागांच्या रूपाने महाग पडते. शिवाय तो पूर्वेचा पट्टा आहे. गगनबावडा-राधानगरीकडे झड लागलेली असतानाही तिकडे अनेकदा चांगली उघडीप मिळते, आणि जुलैतील लहानसहान कामे तिकडे काढता येतात.

साखर कारखान्यांचाही विचार व्हावा. गळीत हंगाम संपल्यानंतर पुढील हंगामापर्यंत तेथे दुरुस्तीची कामे चालतात आणि त्या काळात आपला पावसाळा येतो. आपला मुलगा मुळात वेल्डर आहे. छताखाली बसून करायचे प्लॅटफॉर्म, जिने, कठडे यांचे काम त्याच्या हातचे आहे. ही कामे बहुधा मोठ्या ठेकेदारांकडे जातात, म्हणून पहिल्या वर्षी त्यांच्या हाताखाली काम करण्यात कमीपणा मानू नये. सौरऊर्जेच्या सांगाड्यांचेही तसेच आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती संचासाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान असल्यामुळे पॅनेल बसवणाऱ्यांना सांगाडे लागतात. ते पावसात शेडमध्ये तयार करून उघडिपीला छतावर चढवता येतात.

एका बाबतीत मात्र त्याला ठणकावून सांगावे. ओल्या पत्र्यावर आणि जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर गिऱ्हाइकाच्या घाईखातर कोणालाही चढवू नये. पाऊस चालू असताना आतून पाहणी करावी, कारण पाणी टपकते तेथेच भोक असते असे नाही, ते पर्लिनवरून, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांवरून, वाहत येऊन भलतीकडे पडते. जागेची खूण करून ठेवावी आणि पत्रा सुकल्यावर पट्टा व दोर लावून, जुन्या पत्र्यावर फळ्या टाकूनच वर जावे. करारातही ही अट लिहिलेली असावी.

आठही माणसे सांभाळण्याचा अट्टहास मला पटत नाही. पश्चिम भागातील गडी भाताच्या रोपलावणीला गावी जाणारच, आणि त्यांनी जावे. एक वेल्डर, एक फिटर आणि छपरावर निर्धास्त वावरणारा एक जण, एवढे तिघे टिकले तरी दसऱ्याला बाकीचे त्यांच्याभोवती जमतात. या तिघांसाठी ऑक्टोबरपासून प्रत्येक बिलातील ठरावीक हिस्सा वेगळ्या खात्यात टाकावा आणि पावसाळ्यात उचल देण्याऐवजी त्यातून दरमहा पगार द्यावा. उचलीने माणूस बांधला जातो असे वाटते, पण फार वेळा तोच माणूस दुसऱ्या ठेकेदाराकडे जाऊन ती फेडतो. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराची नोंदणी राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात होऊ शकते. ९० दिवसांचा दाखला देणे ठेकेदार म्हणून आपल्या मुलाच्याच हाती आहे, तो त्याने आठही जणांना द्यावा.

नोकरीचा निर्णय मार्चपर्यंत थांबून घ्यावा. मार्चअखेर दोन-तीन कारखान्यांचे करार हाती आले नाहीत, तर नोकरीचे अर्ज एप्रिलमध्ये करायला वेळ राहतोच, आणि छपराचे काम जाणणारा वेल्डर कारखान्याच्या देखभाल विभागाला हवाच असतो.