पुतळ्यांवरचा ग्रे निळा का पडतो? वाचकांचे प्रश्न

दिवाळीचे किल्ले जवळ आले की मावळे रंगवणाऱ्यांची पत्रं वाढतात, यंदा मात्र जो तो एकाच रंगावर अडलाय, ग्रे. म्हणून या वेळी फक्त तेवढंच.

प्रश्न: ५४ मिमीचा मावळा ऑइलमधे रंगवतोय. पांढऱ्या अंगरख्याच्या चुण्यांमधे आयव्हरी ब्लॅक आणि टायटॅनियम व्हाइट मिसळून सावली दिली तर सगळा कपडा निळसर आणि मेलेला दिसायला लागला. काय करू?
एक वाचक, बोरिवली

उत्तर: आयव्हरी ब्लॅकचा स्वभावच तो. नाव हस्तिदंताचं असलं तरी आता तो हाडांच्या कोळशापासून बनतो, ट्यूबवर पीबीके ९ हा रंगद्रव्याचा क्रमांक लिहिलेला असतो, आणि नुसता लावला तर काळाच दिसतो पण पांढरा मिसळला की आतला निळेपणा वर येतो. त्यात चिमूटभर रॉ अंबर, म्हणजे मातकट तपकिरी, घाला, निळा मरतो आणि मधला, कुठेच न झुकणारा ग्रे मिळतो. आणि एक, पांढऱ्याच्या ढिगात काळा घालायचा, ब्रशच्या टोकाला लागेल एवढाच. उलटं करत बसलात तर पांढऱ्याची अख्खी ट्यूब संपेल तरी हवी ती शेड यायची नाही.

पण खरं सांगू का, पांढऱ्या कपड्याला मी काळा लावतच नाही. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) एकत्र करा, जवळजवळ काळाच होतो, मग त्यात पांढरा. अंबर थोडा जास्त ठेवला की ग्रे उबदार, निळा जास्त ठेवला की थंड, म्हणजे दोन ट्यूबांत दोन्हीकडचे ग्रे हातात. काखेत, कमरबंदाच्या वर, जिथे कपडा अंगाला चिकटतो तिथे उबदार, बाहेरच्या घोळाला थंड. एवढ्यानेच कपड्यात जीव येतो. आणि आधीचा बेस शुद्ध पांढरा नको, किंचित मळका ठेवा, ट्यूबमधला कोरा पांढरा फक्त खांद्यावर आणि चुणीच्या कडेवर. तोच सगळीकडे लावून टाकला तर पुढे उजळ करायला काही उरतच नाही ना!

मिसळताना घाई नको. चुणीच्या खोलगट भागात ग्रे, उंचवट्यावर पांढरा, दोन्ही अगदी पातळ, मग कोरडा मऊ ब्रश घेऊन फक्त दोघांच्या सीमेवर हलके टपटप करायचं आणि दर दोनतीन फटक्यांनी तो टिश्यूला पुसायचा. न पुसता चालू ठेवलं की सीमाही जाते, चुणीही जाते आणि सपाट राखाडी पट्टा उरतो. शंका आली तर मोबाइलमधून ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा, सावली पुरेशी गडद आहे का ते लगेच कळतं. लहान फिगरला ती डोळ्यांना पटते त्याहून थोडी जास्तच लागते.

प्रश्न: पहिल्या महायुद्धातला जर्मन सैनिक करतोय. फील्ड ग्रे कुठल्याच ट्यूबमधे मिळत नाही.
एक वाचक, मुलुंड

उत्तर: मिळायची गरजच नाही. जर्मन सैन्याने १९१० च्या सुमारास घेतलेला तो फेल्डग्राऊ नावाला ग्रे, पण झुकतो हिरव्याकडे. इथे आयव्हरी ब्लॅकचा निळेपणा कामाला येतो, त्यात यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, घाला, मळका हिरवा तयार, मग पांढऱ्याने उजळ करा. फार हिरवं झालं तर बर्न्ट अंबरचा स्पर्श. त्या काळात कापड लॉटप्रमाणे बदलायचं आणि उन्हापावसात फिकं पडायचं, त्यामुळे एकच अचूक शेड शोधत बसू नका, दोन सैनिक शेजारी असतील तर मुद्दाम वेगळे ठेवा.

प्रश्न: मी आठवीत आहे. सरदाराचा घोडा ग्रे रंगवलाय पण तो सिमेंटचा वाटतो.
एक विद्यार्थी, परळ

उत्तर: अरे, सगळा एकाच ग्रेने रंगवलास ना? ग्रे घोडा जन्मतो गडद आणि वयाबरोबर पांढरा होत जातो, कातडी मात्र खाली काळीच राहते. म्हणून नाकपुड्या, ओठ, डोळ्यांभोवती गडद ठेव. तरुण घोडा हवा असेल तर गुडघे, पायाचा खालचा भाग, आयाळ आणि शेपूटही गडद, आणि पार्श्वभागावर फिकट गोल ठिपके. आधी अख्खा घोडा ॲक्रिलिकमधे गडद तपकिरी कर, तो पूर्ण वाळला की वरून जुन्या, केस पसरलेल्या ब्रशने फिकट ग्रे टपटप लाव. मधे मधे खालचा गडद दिसू दे, तो झाकायचा नाही. आणि ब्रशला टोक आणायला तोंडात घालू नकोस, कितीही सवय असली तरी.

प्रश्न: लावलेला ग्रे दिवसेंदिवस वाळत नाही आणि वाळला की चकाकतो.
एक वाचक, दादर

उत्तर: ऑइल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होतं आणि मुंबईच्या दमट हवेत ते रेंगाळतं. त्यात आयव्हरी ब्लॅक मुळातच हळू वाळणारा. अंबर झटपट वाळतं, हे वर सांगितलेल्या मिश्रणाचं अजून एक कारण. लावण्याआधी रंग साध्या पुठ्ठ्यावर काढून काही तास ठेवा, जास्तीचं तेल पुठ्ठा पितो आणि चकाकीही जाते. चपलांच्या खोक्याची आतली बाजू उत्तम, लग्नपत्रिकेचा गुळगुळीत कागद काही उपयोगाचा नाही. वाळवायला झाकणाचा डबा, धूळही बसत नाही. उरलेला ग्रे फॉइलमधे गुंडाळून फ्रीझरमधे टिकतो, फक्त आधी घरच्यांना विचारा, आइसक्रीमच्या शेजारी ठेवलेलं त्यांना चालेल का ते.

प्रश्न: रेडीमेड पेन्स ग्रे घेतला तर?
एक वाचक, गिरगाव

उत्तर: घ्या की. बहुतेक कंपन्यांच्या ट्यूबमधे तो निळा आणि काळा मिळूनच असतो, म्हणजे आधीच थंड. दाढीमिशा, तलवारीचं पातं, रात्रीची सावली यांना झकास. अंगरख्याला लावायचा असेल तर त्यातही बर्न्ट अंबर घालूनच. आणि जवसाचं तेल लागलेले फडके चुरगळून डब्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा नाहीतर पाण्यात भिजवून टाका.