जारकर्म म्हणजे व्यभिचारच ना?

मिरजेच्या एका ताईंनी विचारलंय. मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला चर्चमध्ये गेल्या होत्या, तिथं पाळकांनी बायबलच्या नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रातलं १३:४ वाचलं, लग्न आदरणीय असावं, अंथरूण निर्दोष असावं, आणि पुढं लगेच जारकर्मी आणि व्यभिचारी यांचा न्याय देव करील, तर हे एकच नाही का, मग दोनदा कशाला?

नाही ताई, नवा करार मुळात ग्रीक, आणि त्या ग्रीकमध्येच दोन शब्द आहेत. मोइखेइया म्हणजे लग्नाची गाठ मोडून ठेवलेला संबंध, त्याला मराठी बायबलात व्यभिचार. पोर्नेइया ऐसपैस, लग्नाबाहेरचं सगळंच त्यात येतं, वेश्येकडं जाणंसुद्धा, ते जारकर्म. दहा आज्ञांतला तो व्यभिचार, आणि प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात ज्याच्यापासून पळा म्हणतो ते जारकर्म.

गंमत म्हणजे आपल्याकडं जुने अर्थ जवळपास उलटे. जार म्हणजे लग्न झालेल्या बाईचा यार, त्यावरनंच जारज. आणि व्यभिचार म्हणजे मुळात नुसतं वाट सोडून जाणं, वि-अभि-चर, न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या तर्कशास्त्रात, हेतू (दिलेलं कारण) साध्याला (जे सिद्ध करायचं त्याला) सोडून भलतीकडं दिसला तरी तो व्यभिचारच, आणि काव्यशास्त्रातले व्यभिचारी भाव, म्हणजे येऊन जाणारे क्षणिक भाव, तर कॉलेजात सर फळ्यावर लिहायचे तेव्हा मागच्या बाकावर काय व्हायचं ते सांगायला नको. म्हणजे ऐसपैस अर्थाला खरं तर व्यभिचार शोभला असता, असं आपलं मला वाटतं, पण आता रुळलंय ते रुळलंय.

फरक खरा नडतो तो मत्तयच्या शुभवर्तमानात, ५:३२ ला. येशू म्हणतो, बायको टाकू नये, अपवाद फक्त पोर्नेइया, आणि टाकलेलीशी जो लग्न करतो तो मोइखेइया करतो, म्हणजे एकाच वचनात दोन्ही शब्द! दोन्हीकडं व्यभिचार लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं अपवाद तेवढ्यापुरताच, आणि अपवाद नेमका केवढा यावरच तर चर्चमध्ये शेकडो वर्षं वाद चाललाय. कॅथलिक चर्च घटस्फोट मानत नाही, प्रोटेस्टंटांतले बरेच जण या वचनावर बोट ठेवून मानतात. मार्कच्या शुभवर्तमानात, १० व्या अध्यायात तर अपवादच नाही.

आणि होशेय संदेष्टा देव सोडून मूर्तींच्या मागं जाण्यालाच व्यभिचार म्हणतो, ते आपल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही, गीतेच्या १३ व्याच अध्यायात भक्ती कशी पाहिजे तर अव्यभिचारिणी, म्हणजे दुसरीकडं न ढळणारी.