‘असाको १ अँड २’ : असाको ऱ्योहेईकडे परत का येते?

तुम्ही विचारलंय की पाच वर्षं जीव लावणाऱ्या ऱ्योहेईला भर जेवणाच्या टेबलावरून सोडून असाको तिच्या जुन्या प्रियकराबरोबर, बाकूबरोबर, निघून जाते आणि दुसऱ्या दिवशी परत फिरते, हे पटवून कसं घ्यायचं? मला हा जपानी सिनेमा फार प्रिय आहे, आणि तुम्हाला खटकलेलं हे वळणच त्याचं मोठं कारण आहे. (शेवट सांगूनच लिहितोय, न पाहिलेल्यांनी इथेच थांबावं.)

ओसाकात असाको बाकूच्या प्रेमात पडते. तो एक दिवस बूट आणायला म्हणून बाहेर पडतो आणि येतच नाही. पुढे तोक्योत तिला ऱ्योहेई भेटतो. चेहरा हुबेहूब बाकूचा, स्वभाव मात्र साधा, पाय जमिनीवर असलेला. दोन्ही भूमिका मासाहिरो हिगाशिदेच्याच.

तोमोका शिबासाकी यांची मूळ कादंबरी असाकोच्या तोंडून येते. त्यामुळे ते दोघं खरंच इतके सारखे दिसतात का, की फक्त तिलाच तसं वाटतं, अशी शंका वाचताना घेता येते. पडद्यावर एकच नट समोर असल्यावर ती सोय उरत नाही. पण दिग्दर्शक ऱ्युसुके हामागुचीने दुसरीकडे मोठी भर घातली. कादंबरी २०१० ची, म्हणजे तिच्यात ११ मार्च २०११ चा जपानमधला भूकंप (आणि त्यानंतरची त्सुनामी) असणं शक्यच नाही. सिनेमात तो आहे, आणि माझ्या मते सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. हामागुचीने त्या आपत्तीनंतर को साकाई यांच्यासोबत तोहोकू या ईशान्य जपानमधल्या आपत्तीग्रस्त भागात जाऊन वाचलेल्या माणसांच्या मुलाखतींचे माहितीपट केले होते. त्यामुळे हा भूकंप वरून चिकटवल्यासारखा वाटत नाही.

तो प्रसंग आठवा. असाको ऱ्योहेईला टाळतेय. ती दिसेल या आशेने तो तिच्या मैत्रिणीच्या, मायाच्या नाटकाला येऊन बसलाय, आणि नाट्यगृह हादरायला लागतं. नंतर गाड्या बंद, सगळं शहर पायी घरी निघालेलं. त्या गर्दीत दोघं समोरासमोर येतात आणि मिठी मारतात. इतके दिवस अडलेलं सगळं जमीन हलल्यावर सुटतं. जे नातं असं एका क्षणात जुळलं, ते एका क्षणात सुटूही शकतं, हे मला तिथेच जाणवलं होतं. म्हणून बाकू हॉटेलात येऊन हात पुढे करतो आणि ती तो धरते, तेव्हा धक्का बसला तरी खोटं वाटलं नाही. असाको झालेल्या एरिका कारातानं तिथे चेहऱ्यावर घालमेल दाखवलेली नाही. ते बघताना भीती वाटते, आणि मला ते फार धाडसाचं वाटतं.

मग पहाट. गाडी उत्तरेला, तोहोकूतल्या समुद्राकाठच्या उंच भिंतीपाशी थांबते. बाकूला पलीकडे समुद्र आहे हेसुद्धा माहीत नाही. असाकोला तो भाग ओळखीचा आहे, कारण आपत्तीग्रस्तांच्या मदतीला ती आणि ऱ्योहेई तिथे वरचेवर यायचे. ती परतते ती इथून. परतीचे पैसे ती तिथल्याच एका ओळखीच्या म्हाताऱ्याकडून उसने घेते आणि तो तिला चांगलं फैलावर घेतो. दिग्दर्शक तिला कुठलीच सबब देत नाही.

आणि ऱ्योहेई तरी कुठे माफ करतो? तो स्पष्ट सांगतो की आयुष्यभर तुझ्यावर विश्वास ठेवता येणार नाही. तरी दार उघडतो. म्हणजे ती परत आली एवढंच, सगळं पूर्ववत झालं असा दावा सिनेमा करत नाही. तुम्हाला तिचा राग येत असेल तर तो येऊ द्या, ऱ्योहेईलाही येतोच.

एक तक्रार माझीही आहे. बाकू शेवटपर्यंत पुरता माणूस वाटत नाही, त्याला अजून दोन प्रसंग हवे होते. पुन्हा पाहणार असाल तर ऱ्योहेई आणि असाको तोहोकूला जातात तो भाग घाईने पुढे सरकवू नका. पहिल्यांदा मला तो निव्वळ भरीचा वाटला होता, पण तिचं परतणं कळतं ते तिथूनच.