सकाळी आणि दुपारी काढलेलं आईचं दूध एकाच बाटलीत ठेवलं तर चालतं का?

चालतं. फक्त नुकतंच काढलेलं कोमट दूध फ्रिजमधल्या गार दुधात थेट ओतू नका. आधी ते वेगळ्या बाटलीत फ्रिजमध्ये ठेवा, चांगलं गार होऊ द्या आणि मग खुशाल एकत्र करा.

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात शाळेत रुजू व्हायचंय, एका वेळेला 30-40 मिलीच निघतं, घरात एका दाराचा फ्रिज आहे आणि लाईट सारखी जाते. जाऊबाईंचं जास्तीचं दूध त्यात मिसळावं का, हेही विचारलंय. मी अमरावतीला बँकेत नोकरी करते आणि धाकटीच्या वेळी सात महिने हेच सगळं केलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मिसळण्याचं. अंगावरचं दूध निघतं ते शरीराइतकं उबदार, म्हणजे 37 अंशांच्या आसपास. बाटलीत 60 मिली गार दूध असेल आणि त्यावर 40 मिली उबदार ओतलं, तर सगळंच कोमट होतं. ते पुन्हा गार होईपर्यंत जंतूंना वाढायला वेळ मिळतो. कालच्या तापवलेल्या दुधात आज आलेलं पिशवीचं दूध आपण तसंच ओतत नाही, नाहीतर दोन्ही नासतात. तिथे उकळी जे काम करते ते इथे गारवा करतो, कारण हे दूध आपण उकळणार नसतो. एकाच बैठकीत दोन्ही बाजूंचं काढलं असेल तर मात्र ते लगेच एकत्र करायला काहीच हरकत नाही. गोठवलेल्या दुधावर उबदार दूध कधीच ओतू नका, वरचा थर वितळतो.

दुसरी गोष्ट तारखेची, आणि इथे मी स्वतः चुकले होते. एकच बाटली होती, त्यात रोजचं गार झालेलं दूध टाकायचे, लागेल तसं काढायचे आणि चिकटपट्टीवर त्या दिवसाची तारीख लिहायचे. शुक्रवारी सासूबाई बाटली हातात घेऊन म्हणाल्या, "अगं, ही सोमवारपासून एकदाही रिकामी झालेली नाही." म्हणजे शुक्रवारची चिठ्ठी लावलेल्या बाटलीत सोमवारचं दूधही होतं. 180 मिली दूध मोरीत ओतलं आणि ओट्यापाशी बसून रडले. पंपावर बसून थेंब थेंब जमवणाऱ्या बाईलाच ते कळेल. तेव्हापासून आजचं फक्त आजच्यात, असा नेम केला. बाटलीवर तारीख आणि वेळ सगळ्यात आधी काढलेल्या दुधाची लिहायची, मग वर कितीही ताजं पडलेलं असो.

आता किती वेळ टिकतं ते सांगते. खोलीचं तापमान 25 अंशांपर्यंत असेल तर 4 तास. पण आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये कूलर लावूनही खोली 25 वर येत नाही, तेव्हा ते 4 तास विसरा आणि काढल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजमध्ये 4 अंशांना 4 दिवस. मी तिसऱ्या दिवशी संपवायचे, कारण आमचा फ्रिज दिवसातून पन्नासदा उघडला जातो. बाटली दारातल्या कप्प्यात नको, तिथे दर वेळी गरम हवा लागते. आत, मागच्या बाजूला ठेवा. स्वतंत्र दाराचा, उणे 18 अंशांचा फ्रीझर असेल तर 6 महिने उत्तम राहतं. एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा तेवढा गार राहत नाही, त्यातलं दूध दोन आठवड्यांत वापरून टाका. तुम्हाला साठा करायचा असेल तर ही गोष्ट आधीच लक्षात ठेवा, नाहीतर महिनाभर जमवाल आणि अर्धं वाया जाईल.

गोठवताना 60 मिलीचेच भाग करा. बाळ 50 मिली पिऊन झोपलं आणि तुम्ही 150 वितळवलं असेल तर फार जीव तुटतो. बर्फ होताना दूध फुगतं, म्हणून वर बोटभर जागा सोडा. वितळवायचं तर आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवा. पूर्ण वितळल्यापासून 24 तासांत संपवायचं आणि पुन्हा गोठवायचं नाही. बाळाने तोंड लावलेलं उरलं तर 2 तासांच्या आत पुन्हा द्या, नाहीतर टाकून द्या. उरलेलं परत साठ्याच्या बाटलीत तर मुळीच नाही.

लाईट गेली की फ्रिज उघडू नका, एवढंच पहिल्यांदा करा. न उघडलेला फ्रिज साधारण 4 तास गारवा धरतो. गोठवलेल्या दुधात अजून बर्फाचे कण दिसत असतील तर लाईट आल्यावर ते पुन्हा गोठू दिलेलं चालतं. पूर्ण पाणी झालं असेल तर ते वितळलेलं दूध समजा आणि त्याच दिवशी वापरा. मी बर्फाच्या कप्प्यात आइस पॅक कायम भरून ठेवायचे. तेच पॅक आइसबॉक्समध्ये घालून बँकेत न्यायचे. नीट गार पॅक असले तर त्या डब्यात दूध 24 तासांपर्यंत राहतं.

घरातल्या वडीलधाऱ्यांना एक गोष्ट प्रेमाने पण ठामपणे सांगावी लागते, ती म्हणजे हे दूध उकळायचं नाही. आमच्याकडे पहिल्याच दिवशी सासूबाईंनी छोटी पातेली गॅसवर ठेवली होती. त्यांची काय चूक, आयुष्यभर न तापवलेलं दूध त्यांनी कुणाला दिलंच नव्हतं. पण उकळीने आईच्या दुधातली रोगप्रतिकाराची द्रव्यं नष्ट होतात. कोमट पाण्याच्या वाडग्यात बाटली उभी करा, मनगटावर थेंब टाकून बघा, झालं. मायक्रोवेव्ह नको, दूध कुठे गार राहतं आणि कुठे चटका बसेल इतकं तापतं. वर सायीसारखा थर आला असेल तर बाटली हलकेच गोल फिरवली की मिसळतो. रंग निळसर किंवा पिवळसर दिसला तरी घाबरू नका. आंबट वास आला किंवा फिरवूनही गुठळ्या मिसळल्या नाहीत तरच टाका. कधी कधी साबणासारखा वास येतो, तो दुधातल्याच लायपेज नावाच्या विकरामुळे. ते दूध नासलेलं नसतं, बाळ पीत असेल तर द्या.

पंपाचे भाग दर वेळी साबणाने धुवायचे, तेही थेट सिंकमध्ये नाही, वेगळ्या भांड्यात. मग स्वच्छ कपड्यावर हवेवर वाळवायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी दिवसातून एकदा उकळूनही घ्या. तुमचं बाळ कमी दिवसांचं किंवा आजारी असेल तर हे सगळे नियम आणखी कडक होतात, डॉक्टरांनाच विचारा. आणि शाळेत संडासात बसून पंप करू नका, ताई. मुख्याध्यापिका बाईंकडे कडी असलेली एखादी खोली मागा, अगदी नकाशे ठेवायची असली तरी चालेल. मी मागायला आठ दिवस लाजले, त्या आठ दिवसांत पान्हा कमी झाला होता.

जाऊबाईंचं दूध मात्र मिसळू नका. त्यांच्या मनाचा मोठेपणा खरा आहे, पण काही संसर्ग दुधातून जाऊ शकतात आणि काही औषधंही. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली दुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. अशा पेढीत अनेक आयांचं दूध एकत्र करतात, पण दात्या आईच्या रक्ताच्या तपासण्या बघून, आणि नंतर ते 62.5 अंशांवर 30 मिनिटं तापवून. घरी आपल्याला हे जमणार नाही. जाऊबाईंना खरंच जास्त येत असेल तर जवळच्या मोठ्या रुग्णालयात पेढी आहे का ते विचारा, तिथे दिलेलं दूध कमी वजनाच्या बाळांना मिळतं.

रुजू व्हायच्या आठवडाभर आधी एक दिवस तुम्ही सकाळी दहा ते चार घराबाहेर राहून बघा. बाळाला जे सांभाळणार आहेत त्यांच्याच हातून दूध वितळवणं, कोमट करणं आणि वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजणं होऊ द्या. तुम्ही घरात असलात तर बाळ वाटीला तोंड लावणार नाही, त्याला तुमचा वास येतो. माझ्या धाकटीने पहिल्या दिवशी दोन चमचे घेतले आणि बाकीचं आजीच्या पदरावर सांडलं. तिसऱ्या दिवशी वाटी रिकामी होती.