कुत्र्याचा नंदीबैल होऊ नये म्हणून

बेटा,

तुझं पत्र मिळालं, प्रमाणपत्राचा फोटोही पाहिला. दारव्ह्यात वास-शोधाची, म्हणजे लपवलेली वासाची डबी कुत्र्यानं नाकानं हुडकायच्या खेळाची, बॅच सुरू केलीस, आठ कुत्री आली, त्यातली तीन गावठी. हे वाचून तुझ्या काकूनं तुपातला शिरा केला. आता तू विचारतेस, "काका, पुढं कोणता कोर्स करू?" कोर्स सांगीन, पण आधी माझी एक फजिती ऐक.

डॉग स्क्वाडातून निवृत्त होऊन मी वणीजवळच्या एका बंद जिनिंगच्या आवारात हा खेळ शिकवायला लागलो. ऐट मोठी होती, साऱ्या नोकरीभर कुत्रं धरलेला माणूस, मला कोण शिकवणार! माझ्या कुत्रीला, राणीला, घेऊन प्रात्यक्षिक दाखवायचो. दहा सारखे खोके ओळीत, एकात लवंग तेलाच्या कापसाची डबी. राणी बरोब्बर त्याच खोक्यापाशी बसायची. दोन वर्षं एकदाही चुकली नाही. एक दिवस मी डबी तिसऱ्या खोक्यात ठेवली आणि चहाला गेलो. तेवढ्यात चौकीदारानं झाडायला खोके उचलले आणि परत लावले, पण क्रम बदलून. राणी आली, तिसऱ्यापाशी ऐटीत बसली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. खोकं उघडलं तर रिकामं. डबी निघाली सातव्यात. चौकीदार म्हणाला, "साहेब, ते तर तुमच्या पायाकडं पाहून बसते ना जी."

रात्री मोबाइलवर माझे जुने व्हिडिओ आवाज बंद करून पाहिले. दर वेळी डबीच्या खोक्यापाशी माझं पाऊल अर्ध्या क्षणासाठी थबकत होतं आणि हातातला पट्टा ढिला पडत होता. दोन वर्षं मी नंदीबैल फिरवत होतो, फक्त गुबूगुबू वाजवायला ढोलकं तेवढं नव्हतं.

आपल्यापुरतीच ही गोष्ट नाही. 2011 साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 18 हँडलर, म्हणजे कुत्र्याचा पट्टा धरून काम करून घेणारे, आणि त्यांची तयार कुत्री घेऊन एक प्रयोग छापला. खोल्यांमध्ये वास कुठंच ठेवला नव्हता. हँडलरना मात्र सांगितलं होतं की वास आहे, आणि काही ठिकाणी लाल कागदाची खूणही आहे. 144 फेऱ्या झाल्या. त्यातल्या फक्त 21 मध्ये एकही खोटा इशारा नोंदला गेला नाही. तेही अनुभवी लोक होते.

शिकवणाऱ्याचं दुखणं याहून वाईट. हँडलर निदान कधी कधी तरी अंधारात असतो. तुला मात्र तुझ्या वर्गात प्रत्येक वेळी उत्तर ठाऊक असतं, कारण डबी तूच ठेवतेस. "जरा त्या कोपऱ्याकडं परत जा बरं," असं तू विद्यार्थ्याला म्हणतेस, तेव्हा कुत्रं काहीच शोधत नाही. विद्यार्थी तुझा चेहरा वाचतो, कुत्रं विद्यार्थ्याचा चेहरा वाचतं, आणि बक्षिसाचा तुकडा तिघांच्याही पोटात जातो. महिन्यातून एकदा तरी डबी दुसऱ्या कुणाकडून ठेवून घे, आणि ठेवणाऱ्याला आवाराबाहेर पाठव. खोलीत कुणालाच माहीत नसलं पाहिजे. त्या दिवशी तुझी बॅच केवढी चुकते ते वहीत लिही. पहिल्यांदा तुला रडू येईल, मला आलं होतं.

आता वासाचं. हा खेळ 2006 च्या सुमारास कॅलिफोर्नियात सुरू झाला, तिथल्या डॉग स्क्वाडाच्याच कामावरून. त्यांनी बर्च नावाचं झाड, अॅनिस हे बडीशेपेसारखं बी आणि लवंग असे तीन वास धरले. आपल्याकडं बघ. लवंग मसाल्याच्या डब्यात, सावजीच्या रश्श्यात आणि दुखऱ्या दाढेत. अॅनिसचा मुख्य वास ज्या द्रव्याचा, तेच आपल्या बडीशेपेत. आणि बर्चच्या तेलात जवळपास सगळं मिथाइल सॅलिसिलेट असतं, म्हणजे आजी गुडघ्याला चोळते त्या मलमाचा वास! तिन्ही वास आपल्या घरात आधीपासून नांदतात. दारव्ह्यात एखाद्याच्या घरात शोध लावशील आणि कुत्रं पाटावर बसलेल्या आजीपुढं जाऊन बसेल, तर त्याला रागावू नकोस. घरात शिरण्याआधी विचार, मलम कोणी लावलंय, मसाला कधी भाजला. कोर्सवाल्यांना हे ठाऊक असायचं काही कारण नाही. हे तुलाच लिहून ठेवावं लागेल.

तसाच कूलर. परदेशी धड्यात एसीची जाळी असते, आपल्याकडं एप्रिलपासून खिडकीत कूलर घरघरतो. त्याची ओली हवा खोली ओलांडून पलीकडच्या भिंतीवर आपटते आणि कोपऱ्यात साचते. डबी दाराशी असते आणि कुत्रं तिकडच्या कपाटाखाली नाक खुपसतं. ते चुकत नाही, वास खरंच तिथं साचलेला असतो. रुईची म्हातारी गोळा करून ठेव. कुत्रं बाहेर नेल्यावर एक म्हातारी डबीपाशी सोड आणि विद्यार्थ्यांना ती कुठं तरंगते ते बघू दे. दहा मिनिटांत जे समजतं ते मी फळ्यावर तासभर शिकवून समजावू शकलो नव्हतो. उदबत्ती लावू नकोस, तिचा वास दिवसभर खोलीत राहतो.

मेमध्ये सकाळी सातनंतर वर्ग घेऊ नकोस. जीभ बाहेर काढून धापा टाकणारं कुत्रं नीट हुंगू शकत नाही, त्याला आधी अंग थंड करायचं असतं. शोधताना ते सेकंदाला पाचेक वेळा हुंगतं, आणि सोडलेला श्वास नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून मागं जातो. धुळीत नाक लावलेल्या कुत्र्याच्या गालाशी धूळ कशी उडते ते एकदा निवांत बसून पाहा.

आणि डॉक्टरांशी ओळख ठेव. जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल सर्रास देतात. 2016 साली अमेरिकेत स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्यांवर हे औषध देऊन पाहिलं, तर निम्म्या कुत्र्यांचं नाक मंदावलं. कुत्रं अचानक चुकायला लागलं की त्याच्या मालकाला रागावण्याआधी औषधाची चिठ्ठी माग. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात एखादं व्याख्यान असलं की मी एसटीनं जातो, मागच्या बाकावर बसतो. अर्धं डोक्यावरून जातं, उरलेल्या अर्ध्यात वर्षाचं काम होतं.

कोर्सचं म्हणशील तर वासाच्या हालचालीवरचा एक घे, आणि माणसांना शिकवण्यावरचा एक. दुसरा जास्त गरजेचा आहे, कारण तुझे विद्यार्थी कुत्रे नाहीत, कृषी केंद्राचा मालक आणि शाळेतले मास्तर आहेत. आणि वर्षातून एकदा कुणाच्या तरी वर्गात विद्यार्थी म्हणून जा, अनोळखी कुत्रं घेऊन. पट्टा हातात असताना आपल्याला घाम कसा फुटतो हे आपण फार लवकर विसरतो.

पुढच्या रविवारी वणीला ये, पहाटे साडेपाचला जिनिंगच्या फाटकाशी. तुझा शेऱ्या घेऊन ये, मी राणीला आणतो. डबी तुझी काकू ठेवणार आहे, ठेवून ती घरी पोळ्या करायला जाईल. कुठं ठेवली ते मलाही सांगणार नाही म्हणाली.

तुझा,
काका