हिवाळ्यात अंटार्क्टिकावर माणूसच नसतो, मग तिथलं आकाश दुर्बिणीसाठी चांगलं आहे हे कळतं कसं? आणि आपल्या भारती केंद्रावर दुर्बीण का नाही?

माणूसच नसतो असं नाही. दक्षिण ध्रुवावर लोक हिवाळा काढतात, डोम सी (डोम म्हणजे पठारावरचा घुमटासारखा बर्फाचा उंचवटा) इथल्या कॉन्कॉर्डिया केंद्रावरही 2005 पासून राहतात. पण सगळ्यात उंच डोम ए वर (सुमारे 4,090 मीटर) चीनचं कुनलुन केंद्र उन्हाळ्यापुरतंच उघडतं. मग काळोख पडल्यावर तिथे यंत्रंच. मी खगोलशास्त्रज्ञ नाही, इन्स्ट्रुमेंटेशनमधला आहे, त्यामुळे माझा ओढा या यंत्रांकडेच.

मोजायचं असतं ते सीइंग, म्हणजे हवेच्या घुसळणीने ताऱ्याची प्रतिमा किती पसरते ते. त्यासाठी डिम नावाचं साधन असतं. एकाच दुर्बिणीच्या तोंडावर दोन भोकं, एकावर पातळ प्रिझम, म्हणजे एकाच ताऱ्याच्या दोन प्रतिमा मिळतात. दुर्बीण ज्यावर बसवली तो मनोरा वाऱ्याने हलला तर दोन्ही एकदमच हलतात, ते आपोआप वजा होतं. एकमेकींच्या तुलनेत जेवढ्या हलल्या, तेवढा दोष हवेचा!

हे सोपं. खरी कटकट विजेची. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने बनवलेलं प्लेटो हे स्वयंचलित केंद्र चिनी मोहिमेने जानेवारी 2008 मध्ये डोम ए वर नेलं. हिवाळ्यात सूर्यच नाही, तेव्हा सोलर पॅनेल बिनकामाचे. विमानाच्या इंधनावर छोटी एकसिलिंडरी डिझेल इंजिनं चालवायची आणि त्यांचं ऑइल बदलायला कुणी नाही. पहिल्या वर्षी 204 दिवसांनी ते बंद पडलं. माझ्या मते पहिल्याच फटक्यात एवढं चालणं हीच कमाल.

बाहेर उणे 70 असताना इलेक्ट्रॉनिक्स तापतं म्हटलं की लोक हसतात. पण पेटी इन्सुलेशनची आणि हवा विरळ, ती उष्णता नेतच नाही. नेहमीच्या हार्ड डिस्कचीही तीच गत, तिचं हेड हवेच्या पातळ थरावरच तरंगतं. काचेवर हिम धरतं म्हणून काच तापवावी, तर त्याच उबेने समोरची हवा हलते आणि मोजमाप बिघडतं.

आता आकडे. 2004 मध्ये डोम सी वरच्या स्वयंचलित उपकरणांनी 0.27 आर्कसेकंद (एका अंशाचा 3600वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद; आकडा जितका लहान तितकं चांगलं) मध्यक सीइंग नोंदवलं. चिलीतल्या उत्तम जागाही 0.6-0.8 च्या आसपास. पण हा आकडा जमिनीपासून 30 मीटर वरच्या हवेचा होता, आणि बातम्यांनी नेमकं तेच गाळलं. पुढे फुगे सोडून पाहिलं तर बहुतेक सगळी घुसळण त्या खालच्या तीस-पस्तीस मीटरांतच निघाली. डोम ए वर हा थर ध्वनिलहरींनी मोजला, तो मध्यक 13.9 मीटर. 2019 मध्ये तिथे फक्त 8 मीटर उंचीवर डिम बसवला, तरी जवळपास एक तृतीयांश वेळ तो थराच्या वर होता. त्या मोकळ्या हवेतलं मध्यक सीइंग 0.31, सर्वोत्तम 0.13.

आता भारती. ते लार्समन टेकड्यांत, किनाऱ्यावर आहे. डोम ए ला जाणारे चिनी ताफे शेजारच्या झोंगशान केंद्रावरूनच निघतात आणि बाराशेहून जास्त किलोमीटर आत जातात. पठारावरची थंड, जड हवा उतारावरून घसरत, वेग घेत किनाऱ्याला येते. शिवाय तिथे समुद्राचे ढग. घुमटाच्या माथ्यावर उतारच नाही, म्हणून वारा मंद आणि थर पातळ. भारतीवर दुर्बीण बसवून फारसं हाती लागणार नाही. बसवायचीच तर ट्रॅक्टर घेऊन हजार किलोमीटर आत जायला हवं, आणि डिझेलचा हिशोब तिथूनच सुरू होतो.