हाँगकाँगला घरच्यांसोबत डिमसम खायचं तर

डिमसम म्हणजे चहासोबत खायचे छोटे, बहुतेक वाफवलेले पदार्थ. त्यासाठी सकाळी अकराच्या आत पोहोचा. दुपारनंतर बऱ्याच ठिकाणी डिमसम मिळत नाही. बसल्या बसल्या चहा कोणता ते विचारतात, त्याचे पैसे माणशी लागतात. मुलं असतील तर जास्मिन सांगा. आधी मोठ्यांच्या कपात ओता, स्वतःच्या शेवटी. किटली संपली की झाकण तिरकं ठेवा, वेटर गरम पाणी भरतो.

डिमसमच्या एका टोपलीत साधारण तीन-चार नग असतात. चौघांना सहा-सात टोपल्या पुरतात, पण एकदम नको, दोनदा करून मागवा. हार गाव, म्हणजे कोळंबी भरलेला वाफवलेला डंपलिंग, आल्या आल्या संपवा. त्याची पारी गव्हाच्या स्टार्चची असते. गार झाली की चिवट होते आणि खाली चिकटून फाटते. चॉपस्टिक टोचू नका, तळाकडून सोडवून उचला. जमत नसेल तर सरळ चमचा मागा, कोणी हसत नाही.

मुळ्याची वडी दिसते शाकाहारी, पण तिच्यात बहुधा सोडे आणि डुकराचं सॉसेज असतं. सिऊ माय या उघड्या तोंडाच्या डंपलिंगमध्येही डुकराचं मांस येतं. भाज्यांवर ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस असतो, तो आधीच नको म्हणून सांगा.